हिवाळ्यात नापा-सोनोमा: आई-बाबा, मुलं आणि दिवसाला एकच वायनरी

नापा आणि शेजारचं सोनोमा म्हणजे कॅलिफोर्नियातला द्राक्षबागांचा आणि वाइनचा मुलूख. आमच्या पहिल्या नापा ट्रिपचा एक फोटो अजून फ्रिजवर आहे. आई शाल आणि कोणाचं तरी जाकीट पांघरून अंगणातल्या गॅस हीटरखाली बसली आहे, धाकटा टेबलाखाली शिरलाय आणि माझ्या हातात त्या दिवसातला अकरावा की बारावा ग्लास आहे. चेहऱ्यावर आनंद कोणाच्याच नाही. एका दिवसात तीन वायनऱ्या, मधे डोंगरातला वळणांचा रस्ता आणि जेवण चार वाजता, एवढा पराक्रम आम्ही केला होता. त्यानंतर दर हिवाळ्यात जातोय, आणि आता नियम एकच: दिवसाला एक वायनरी, तीही सकाळी. उरलेला दिवस बाकीच्यांचा.

तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहत असाल, किंवा भारतातून आलेल्या आई-बाबांना आणि शाळकरी मुलांना घेऊन दोन रात्रींसाठी निघणार असाल, तर ही आखणी उपयोगी पडेल.

तारखा आधी, हॉटेल नंतर

इथला द्राक्षांचा हंगाम ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा हायवे २९ वर गाड्यांची रांग असते आणि खोल्यांचे भाव ऐकून पोटात गोळा येतो. नोव्हेंबर संपता संपता गर्दी ओसरते. पण अख्खा हिवाळा सारखा नसतो. थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि ख्रिसमस ते नवीन वर्ष हे दिवस पुन्हा महाग. जानेवारीचा तिसरा सोमवार (मार्टिन ल्यूथर किंग दिन) आणि फेब्रुवारीचा तिसरा सोमवार (प्रेसिडेंट्स डे) या जोड-सुट्ट्याही टाळलेल्या बऱ्या. माझ्या मते उत्तम काळ म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, आणि जमलं तर रविवार ते मंगळवार. मुलांची एक-दोन दिवस शाळा बुडते, ती बुडू द्या.

फेब्रुवारीच का, तर वेलींच्या ओळींमध्ये तेव्हा मोहरी फुलते. अख्खं खोरं पिवळंधमक होतं. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडी थांबवायला लावली आणि पान चुरगळून वास घेऊन म्हणाली, "अगं, ही तर आपली मोहरीच!" ही मोहरी तेलासाठी नसते. पावसात माती धरून ठेवायची आणि वसंतात नांगरून खत म्हणून जमिनीत गाडायची, एवढंच तिचं काम.

पावसाचं मात्र सांगितलं पाहिजे. इथला वर्षाचा बहुतेक पाऊस नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडतो. दुपारी १४-१५ अंश सेल्सियस, पहाटे ३-४, कधी त्याहून खाली, आणि सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ थर. डिसेंबर-जानेवारीत पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि बरीचशी टेस्टिंगची (वाइन चाखायची) दालनंही त्याच सुमारास बंद होतात. म्हणजे तुमच्या हातात खरा दिवस दहा ते साडेचार. त्यात तीन वायनऱ्या बसवायला गेलात तर तुमचाही फोटो फ्रिजवर लागेल.

मुक्काम: तीन गावं, तीन स्वभाव

नापा खोरं साधारण ३० मैल लांब आणि रुंदीला जेमतेम पाच. दक्षिणेला नापा शहर, मग यॉन्टव्हिल, ओकव्हिल, रदरफर्ड, सेंट हेलेना आणि उत्तरेच्या टोकाला कॅलिस्टोगा. डोंगरापलीकडे पश्चिमेला सोनोमा.

घरची सगळी माणसं सोबत असतील तर माझं मत कॅलिस्टोगाला. कारण गरम पाणी. गावाखाली भूगर्भातले गरम झरे आहेत आणि त्या पाण्यावर चालणारे तलाव असलेली अनेक हॉटेलं आहेत. बाहेर सात-आठ अंश, पाण्यातून वाफ निघतेय आणि मुलं संध्याकाळी सहा वाजता अंधारात पोहतायत, यापुढे कुठलीही वाइन फिकी. बुकिंग करताना तीन गोष्टी विचाराच: तलाव हिवाळ्यात गरम असतो का, मुलांना ठरावीक वेळच असते का, आणि खोलीच्या भाड्यावर 'रिसॉर्ट फी' वेगळी लागते का. काही ठिकाणी तलाव फक्त मुक्कामी पाहुण्यांना खुला असतो. ज्वालामुखीच्या राखेच्या चिखलात बुडून बसायचं स्नानही इथलंच, ते मोठ्यांसाठी. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या वाटेला जाऊ नये.

सोनोमा गाव चालत फिरणाऱ्यांसाठी. मधोमध मोठा चौक, झाडं, मुलांना खेळायला जागा, चारी बाजूंना दुकानं आणि टेस्टिंगची दालनं. एक मोठा माणूस आत, एक मुलांबरोबर बाहेर, अशी पाळी इथे सहज लावता येते. नापा शहरात खोल्या तुलनेने स्वस्त, खाण्याचे पर्याय जास्त आणि रात्री टॅक्सी मिळते, म्हणून ज्यांना संध्याकाळी बाहेर पडायचंय त्यांनी तिथे राहावं. तान्हं बाळ असेल तर सोनोमा, सहाच्या पुढची मुलं असतील तर कॅलिस्टोगा, असं मी मैत्रिणींना सांगते.

वायनरी निवडताना फोनच उचला

नापात वाट्टेल तिथे शिरून "जरा चाखू द्या" म्हणायची सोय फारशी राहिलेली नाही. नापा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) १९९० च्या नियमापासून नव्या वायनऱ्यांना आधी वेळ घेतलेल्या पाहुण्यांनाच टेस्टिंग देता येतं. म्हणजे बुकिंग हवंच. सोनोमात जरा सैल आहे, पण आता तिथेही वेळ घेऊन गेलेलं बरं.

मुलांचा प्रश्न वेबसाइटवर नीट सुटत नाही. कायद्याने २१ वर्षांखालच्या कोणालाही दारू देता येत नाही, पण मुलं आत येऊ शकतात की नाही हे ज्याचं त्याचं धोरण. 'कुटुंबांचं स्वागत' लिहिलेल्या एका ठिकाणी आम्हाला दारातच कळलं होतं की लहान मुलांना फक्त बाहेरच्या अंगणात बसता येईल. बाहेर पाऊस. म्हणून आता फोनवर हे विचारते:

– मुलांचं वय सांगते; टेबलाशी बसू शकतील का? त्यांच्या खुर्चीचे पैसे लागतात का?
– पाऊस आला तर आपली जागा छपराखाली आहे की बाहेरच?
– वाइन न पिणाऱ्या मोठ्या माणसाचं काय? तो नुसता बसू शकतो का?
– वाइन साठवायच्या गुहा दाखवणार असाल तर पायऱ्या किती?
– रद्द करायची मुदत किती तासांची?

तिसरा प्रश्न आपल्या घरांत महत्त्वाचा. बाबा पीत नाहीत. त्यांच्यासाठी पूर्ण फी भरायची काय गरज? बऱ्याच ठिकाणी दोघांत एक टेस्टिंग वाटून घेता येतं, फक्त आधी सांगायचं. फीचा अंदाज: नापात साधंसुधं टेस्टिंगही माणशी ४०-५० डॉलरच्या पुढेच, नावाजलेल्या ठिकाणी १०० च्या वर. सोनोमात त्याहून कमी. ठरावीक बाटल्या घेतल्या तर काही जण फी सोडतात, तेही विचारून ठेवा.

नावं हवी असतील तर दोन-तीन सांगते. सेंट हेलेनाची बेरिंजर १८७६ पासून चालू आहे. तिथल्या गुहा चिनी मजुरांनी हाताने खोदलेल्या. भिंतीवर हात फिरवला की ते खडबडीत काम अजून जाणवतं. कॅलिस्टोगाजवळ कास्तेलो दि अमोरोसा हा चक्क टस्कनीच्या धर्तीवरचा मध्ययुगीन किल्ला आहे, खंदक, बुरूज, सगळं. उघडला २००७ मध्ये, म्हणजे जुनेपण नाटकी आहे. पण आठ वर्षांच्या मुलाला त्याने काय फरक पडतो? व्ही. सत्तुईकडे आवारात झाडांखाली टेबलं आहेत आणि तिथल्याच दुकानातून चीज-ब्रेड घेऊन बसता येतं. नापात अशी पिकनिकची मुभा फार थोड्या जागी आहे. तिघांकडेही मुलांबाबतचा नियम फोन करून पक्का करा. आणि वाइनचं वेड असेल तर शॅटो मॉन्टेलेना: २४ मे १९७६ रोजी पॅरिसमधल्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी नाव झाकलेल्या ग्लासांतून हिची १९७३ ची शार्डने पहिली ठरवली होती. लाल वाइनमध्ये नापाचीच स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स पहिली आली. तोवर या खोऱ्याकडे जगाने फारसं लक्ष दिलं नव्हतं.

गाडी कोण चालवणार, हे घरीच ठरवा

टेबलावर बसल्यावर "मी थोडीच घेतो" सुरू होतं, म्हणून आधीच. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, पण मुलं मागच्या सीटवर असताना मर्यादेशी खेळायचं कशाला? चालवणारा एक थेंबही घेत नाही, दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. दोघांनाही चाखायचं असेल तर तुमचीच गाडी चालवायला ताशी भाड्याने ड्रायव्हर मिळतो. चार-पाच जणांत ते परवडतं. उबर-लिफ्ट नापा शहरात ठीक, पण कॅलिस्टोगाकडे संध्याकाळनंतर भरवसा नाही.

उघडलेली, अर्धी राहिलेली बाटली गाडीत पायाशी ठेवणं गुन्हा आहे. ती डिकीत. मुलं आठ वर्षांखालची असतील तर कार सीट किंवा बूस्टर कायद्याने लागतो, भाड्याच्या गाडीतही.

रस्त्याचं एक पक्कं लक्षात ठेवा. नापातून सोनोमाला जायला नकाशा कधी कधी ओकव्हिल ग्रेड आणि ट्रिनिटी रोडचा जवळचा रस्ता दाखवतो. दिसायला सुंदर, पण वळणं अशी की आमच्या धाकट्याने दोन पिशव्या भरल्या. हायवे १२१ आणि १२ वरून दक्षिणेकडून वळसा घाला. कॅलिस्टोगाहून सांता रोझाला मात्र पेट्रिफाइड फॉरेस्ट रोडने साधारण अर्धा तास, त्यालाही वळणं आहेत पण सोसवतात. मोठा पाऊस झाला की नोवाटोजवळ हायवे ३७ वर पाणी येतं आणि तो बंद होतो. निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती बघा.

सामान

थोडक्यात: एकावर एक घालायचे कपडे, चिखलाला चालतील असे बूट, प्रत्येकाला छत्रीऐवजी टोपीवालं रेनकोट, पोहण्याचे कपडे, जुना टॉवेल, थर्मासभर चहा. गुहांमध्ये बारा महिने साधारण १३-१४ अंश असतात, म्हणून आईची शाल हातात हवी, डिकीत नको. आई-बाबांचं ओळखपत्र बरोबर ठेवा, भारतातून आले असतील तर पासपोर्ट. केस पांढरे असले तरी काही ठिकाणी मागतात. आणि त्या दिवशी अत्तर नको; शेजारच्या टेबलालाही वाइनचा वास घ्यायचा असतो.

पहिला दिवस: पोचा आणि पोहा

सकाळी नऊला निघालात तर दुपारी जेवणाला नापा शहरात. नदीकाठच्या ऑक्सबो पब्लिक मार्केटमध्ये एकाच छपराखाली वेगवेगळे स्टॉल आहेत. ज्याला जे हवं ते घ्या, शाकाहाऱ्यांचीही आबाळ होत नाही. पाऊस असला तरी चालतं. मग हायवे २९ ऐवजी पूर्वेच्या सिल्व्हराडो ट्रेलने वर जा. दोन्ही रस्ते समांतरच, पण इथे सिग्नल कमी आणि मोहरीचा फोटो काढायला थांबण्याच्या जागा बऱ्या.

संध्याकाळी तलाव. त्या दिवशी वायनरी नाही.

दुसरा दिवस: बाग, मग बाकीचं

अकराचं टेस्टिंग घ्या. सकाळी जीभ ताजी असते, मुलांचा मूड शाबूत असतो आणि वाइन ओतणाऱ्या माणसाला गप्पा मारायला वेळ असतो. हिवाळ्याची खरी चैन ही. उन्हाळ्यात चार टेबलं सांभाळणारा माणूस जानेवारीत तुमच्याशी अर्धा तास बोलतो. त्याला विचारा, "छाटणी चालू आहे का? बघता येईल का?"

जानेवारीतली बाग पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळं वाळून गेल्यासारखं वाटतं. काळी, सालपटं निघालेली खोडं, तारेवर दोन्ही बाजूंना पसरलेले ओलांडे (वेलीचे आडवे हात) आणि त्यावर गेल्या वर्षीच्या तांबूस काड्यांचं रान. छाटणारा माणूस वेलीपाशी उभा राहतो, क्षणभर बघतो, मग कात्री चालते, कट कट कट. एक काडी खाली, दुसरी खाली, तिसरी दोन डोळ्यांवर (फुटव्याच्या गाठींवर) तोडलेली. एका वेलीला मिनिट-दोन मिनिटं. गेल्या वर्षीची बहुतेक वाढ जमिनीवर पडते आणि ओलांड्यावर बोटभर खुंट उरतात. त्या दोन डोळ्यांतून येत्या वर्षीची काडी आणि तिच्यावर घड. मुलांना खुंटावरचे डोळे मोजायला लावा. माझ्या मुलीने एका ओळीत तीन डोळे सोडलेला खुंट शोधला आणि तो मुद्दाम सोडला होता की चुकून, यावर गाडीत वाद झाला.

बाबा सांगलीकडचे, द्राक्षांत वाढलेले. त्यांना नवल वाटलं ते छाटणी एकदाच होते याचं. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी, अशा दोन, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. इथे थंडीने ती पानं टाकून निजते आणि मार्चच्या सुमारास जागी होते. माती ऊब धरायला लागली की छाटलेल्या टोकांतून पाण्याचे थेंब गळतात. इथलेही त्याला वेल रडते असंच म्हणतात. ओल्या दिवशी छाटणी शक्यतो टाळतात, कारण पावसात बुरशीचे बीजाणू ताज्या जखमेत शिरतात आणि ओलांडा आतून वाळतो. म्हणून कोरडी सकाळ मिळाली तरच हे दृश्य दिसेल. आणि परवानगीशिवाय ओळीत पाऊल टाकू नका. जमीन खासगी असते, शिवाय बुटाच्या चिखलातून एका बागेची कीड दुसरीकडे जाते.

टेबलावर परत. ओततात तो घोट लहानच, पण पाच-सहा वाइन असतात. सगळं संपवायचं नसतं. टेबलावरच्या भांड्यात उरलेलं ओतून द्यायला लाजू नका. ते भांडं त्यासाठीच आहे आणि इथली जाणती माणसंच जास्त ओततात. प्रत्येक ग्लासामागे घोटभर पाणी. शेवटी वाइन क्लबचा, म्हणजे ठरावीक काळाने बाटल्या घ्यायच्या वर्गणीचा, फॉर्म पुढे येतो. चार ग्लासांनंतर तो फार वाजवी वाटतो. "उद्या कळवते" म्हणा. आवडलेल्या दोन बाटल्या घ्या. हिवाळ्यात त्या डिकीत दिवसभर राहिल्या तरी उन्हाळ्यासारख्या तापून खराब होत नाहीत.

जेवणानंतरचा दिवस मुलांचा. सेंट हेलेना आणि कॅलिस्टोगा यांच्या मधे बेल ग्रिस्ट मिल आहे, १८४६ ची पाणचक्की, ३६ फुटी लाकडी चाक. पावसाळी दिवसांत शेजारचा ओढा वाहता असतो. शनिवार-रविवारी दळण करून दाखवतात. ज्या डॉक्टर बेलने ती बांधली त्याच्या जमिनीचं नाव होतं 'कार्ने ह्युमाना', स्पॅनिशमध्ये माणसाचं मांस! मुलं हे घरी जाऊन सगळ्यांना सांगतात. कॅलिस्टोगात ओल्ड फेथफुल गायझर आहे, जमिनीतून गरम पाण्याचा फवारा उडतो. दोन फवाऱ्यांतलं अंतर बदलत असतं, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी सध्या किती मिनिटांनी उडतोय ते विचारा. वाट बघताना बकऱ्यांना चारा घालता येतो, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे फवाऱ्यापेक्षा बकऱ्याच गाजल्या.

रात्रीचं जेवण साडेसहाला, आधी फोन करून. जानेवारीत काही रेस्टॉरंटं डागडुजीसाठी आठवडा-दोन आठवडे बंद असतात.

तिसरा दिवस: आभाळ बघून ठरवा

धो धो पाऊस असेल तर सांता रोझात चार्ल्स शुल्झ म्युझियम. स्नूपी आणि चार्ली ब्राउन काढणारा माणूस याच गावात राहिला आणि २००० मध्ये इथेच गेला. म्युझियम २००२ चं, शेजारीच त्याने १९६९ मध्ये बांधलेला बर्फाचा स्केटिंग हॉल. आतल्या छोट्या कॅफेत तो रोज यायचा. त्याचं टेबल अजून राखून ठेवलंय. म्युझियम आठवड्यातून एक दिवस बंद असतं, वार आधी बघा.

नुसती रिमझिम असेल तर गर्नव्हिलचं आर्मस्ट्राँग रेडवुड जंगल, कॅलिस्टोगाहून साधारण तासभर. तिथली झाडं ३०० फुटांवर जातात, एकाचं वय १,४०० वर्षांहून जास्त. सुरुवातीची वाट सपाट आहे, बाबांच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. ओल्या रेडवुडचा वास कोरड्या उन्हाळ्यात असा येत नाही.

लख्ख ऊन असेल तर सोनोमाचा चौक. कोपऱ्यावर १८२३ चं मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसारकांचं ठाणं) आहे, कॅलिफोर्नियातल्या २१ मिशनांपैकी शेवटचं. १४ जून १८४६ ला याच चौकात बंडखोरांनी अस्वलाचा झेंडा उभारून मेक्सिकोपासून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. राज्याच्या झेंड्यावर अस्वल आजही आहे. गावाबाहेर ट्रेनटाउन, लहानग्यांच्या आगगाडीचं. हिवाळ्यात रोज उघडं नसतं. दुसऱ्या वायनरीची हौस असेल तर ती आज, चौकातल्याच एखाद्या दालनात, जेवणाआधी.

परतीला तीनच्या आत निघा. संध्याकाळच्या गर्दीत मुलं आणि मोठे सगळेच कावतात. गोल्डन गेटवरून सॅन फ्रान्सिस्कोकडे येताना टोल लागतो आणि तिथे रोख घेणारं कोणी नाही. गाडी भाड्याची असेल तर कंपनी टोलवर किती जादा लावते ते चावी घेतानाच विचारून ठेवा. ओले बूट वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाका, बाटल्यांपासून लांब.